अपील लावलं तरी वारंट निघालं : इंदौरच्या कोर्टात स्टे घेताना जे कळलं ते

अपील दाखल झालं की खालच्या कोर्टाचा निकाल आपोआप थांबतो असं आमच्या घरात, रामबागेतल्या शेजारपाजाऱ्यांना, खजुरी बाजारातल्या दुकानदारांना, सगळ्यांनाच वाटतं. तसं नाहीये. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर ४१ चा रूल ५ आहे, त्यात पहिल्याच वाक्यात लिहिलंय की नुसतं अपील केलं म्हणून डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या हुकमाची, अंमलबजावणी थांबणार नाही, अपील कोर्टाने तसा वेगळा आदेश दिला तरच थांबेल. म्हणजे अपील वेगळं, स्टेचा (ही अंमलबजावणी थांबवायच्या आदेशाचा) अर्ज वेगळा, त्याचं शपथपत्र वेगळं, त्यावरची बहस, म्हणजे युक्तिवाद, वेगळी. बाबांच्या दुकानाच्या केसमध्ये आम्ही या सगळ्यातून गेलो. हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं की ताई तुमचं कसं झालं होतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतेय.

बाबांचं खजुरी बाजारात बुक बाइंडिंगचं दुकान आहे, भाड्याचं, आजोबांच्या वेळेपासूनचं. शाळांची रजिस्टरं, लेजर, जुन्या पोथ्या, पीएचडीवाल्यांचे थिसिस, सगळं येतं. भाडं होतं महिन्याला ११०० रुपये, कारण जुनी भाडेकरारी, वाढलीच नाही कधी फारशी. मालकांनी दावा लावला की मुलाला धंदा सुरू करायचाय, दुकान पाहिजे. आमच्याकडे एमपीमध्ये १९६१ चा भाडे नियंत्रण कायदा लागतो, त्याच्या कलम १२ (१) मध्ये जागा खाली, म्हणजे रिकामी, करवून घ्यायची कारणं दिलीयेत, त्यातलं (एफ) म्हणजे स्वतःच्या किंवा सज्ञान मुलाच्या धंद्यासाठी खरी गरज, आणि अट अशी की त्याच शहरात मालकाकडे तशी दुसरी योग्य जागा रिकामी नसावी. आमचं म्हणणं हेच होतं की त्याच गल्लीत त्यांचं एक दुकान कुलूप लावून पडलंय. खालच्या कोर्टाने ते लहान आहे, या धंद्याला योग्य नाही असं धरलं आणि निकाल मालकांच्या बाजूने दिला. ताबा द्यायला दोन महिने दिले.

मालकांबद्दल मला वाईट बोलायचं नाहीये. त्यांचा मुलगा आमच्या डोळ्यासमोर मोठा झाला, त्याची गरज खोटी आहे असं आम्ही कधीच म्हटलं नाही, प्रश्न एवढाच होता की दुसरी जागा आहे की नाही.

निकालाच्या दिवशी वकील काकांनी (बाबांचे शाळेतले मित्र, म्हणून काका) पहिली गोष्ट केली ती म्हणजे निकालाच्या नकलेचा (प्रतीचा) अर्ज, त्याच दिवशी. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस मिळतात, हायकोर्टात जायचं असेल तर ९०, आणि प्रमाणित नकल मिळायला जेवढे दिवस लागले ते मुदतीतून वजा होतात, पण अर्जच उशिरा टाकला तर आधी गेलेले दिवस तुमचे गेले. दादाचं म्हणणं होतं की दोन महिने आहेत ना, दिवाळीनंतर बघू, सीझन आहे. काका म्हणाले, "अरे, उशीर झाला तर आधी उशीर माफ करायचा अर्ज चालेल, आणि तो होऊन कोर्ट अपील ऐकायचं ठरवत नाही तोपर्यंत स्टे देताच येत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय." हे खरंच आहे, ऑर्डर ४१ रूल ३-ए. म्हणजे एक महिन्याची मुदत चुकली तर नुसतं अपील लटकत नाही, स्टेचा दरवाजाच बंद होतो तेवढा काळ, आणि मालक त्या काळात ताबा घेऊ शकतो. मला वाटतं हे निकालाच्या दिवशीच प्रत्येक हरलेल्या पक्षाला कोणीतरी मोठ्याने सांगायला पाहिजे.

अजून एक, आम्हाला गरज पडली नाही पण सांगते, अपिलाची मुदत संपायच्या आधी ज्या कोर्टाने निकाल दिला तेच कोर्ट सुद्धा थोडा काळ अंमलबजावणी थांबवू शकतं, योग्य कारण दाखवलं तर. आमच्या निकालात दोन महिने होतेच म्हणून तो अर्ज केला नाही. ज्यांच्या निकालात मुदत दिलेली नसते त्यांनी वकिलांना हे विचारावं.

मग एक दिवस रजिस्टर्ड पोस्टाने लिफाफा आला, आत मालकांच्या वकिलांची कॅव्हिएट. आई घाबरली, तिला वाटलं नवी केस लावली. तसं नसतं. कॅव्हिएट म्हणजे समोरच्याने आधीच कोर्टात सांगून ठेवलंय की हे लोक अपील करून स्टे मागायला येतील तेव्हा मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका. ती ९० दिवस चालते. याचा परिणाम असा की एकतर्फी स्टे, जो कधीकधी पहिल्याच पेशीला (तारखेला) तात्पुरता मिळून जातो, तो आमच्या नशिबात नव्हता, नोटीस देऊन, समोरच्या वकिलांना कागद पोचवून, मगच बहस. आम्ही चिडलो होतो पण आज मला वाटतं की त्यांनी बरोबरच केलं, त्यांच्या जागी मी असते तर मीही केलं असतं, एवढी वर्षं दावा लढून जिंकल्यावर एका दुपारी तुमच्या मागे कोणी निकाल थांबवून घ्यावा हे कोणाला आवडेल.

आता मुख्य भाग, स्टे कशावर मिळतो. रूल ५ च्या पोटनियम ३ मध्ये तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. एक, स्टे नाही दिला तर अर्जदाराचं मोठं, ठोस नुकसान होऊ शकतं. दोन, अर्ज विनाकारण उशीर न करता केलाय. तीन, शेवटी डिक्री जशीच्या तशी कायम राहिली तर ती पाळण्यासाठी अर्जदाराने जमानत, सिक्युरिटी दिलीये. दुसरी आमच्याकडे होतीच. तिसरी पैशाची. पहिलीवर काकांनी आम्हाला जे बसवलं ना, त्या संध्याकाळी, ते मी विसरणार नाही.

टाइपिस्टने जो नेहमीचा मसुदा काढला होता त्यात लिहिलं होतं "अपीलार्थी को अपूरणीय क्षति होगी", बस, एक ओळ. काकांनी ती ओळ काढायला लावली आणि म्हणाले क्षती काय ते सांगा, नुसतं होईल म्हणून कोर्ट ऐकणार नाही, मकान खाली होणं हे तर प्रत्येक डिक्रीत होतंच, तुमचं यात वेगळं काय आहे. मग दादा बोलत गेला आणि मी लिहीत गेले : कटिंग मशीन फरशीत बोल्ट करून बसवलेलं आहे, काढलं तर खालचा ओटा फोडावा लागेल आणि परत तसंच्या तसं बसेल याची गॅरंटी नाही, दाब मशीन लोखंडी, तिला हलवायला माणसं आणि क्रेन, कारागीर किती, त्यातले दोघं बाबांच्या तरुणपणापासूनचे, जीएसटीचं रजिस्ट्रेशन याच पत्त्यावर, शाळांच्या ऑर्डर घेतलेल्या आहेत त्यांच्या तारखा, त्यांची पत्रं जोडली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मालकांच्या मुलाने तिथे तोडफोड करून नवं दुकान बांधलं आणि उद्या आम्ही अपील जिंकलो तर परत मिळेल काय? कायद्यात कलम १४४ आहे, डिक्री उलटली तर पक्षांना आधीच्या जागी आणून ठेवायचं, पण ओटा फुटलेला, कारागीर दुसरीकडे लागलेले, ग्राहक गेलेले, हे कोणतं कलम परत आणेल. काका म्हणाले हाच मुद्दा आहे, कोर्ट स्टे देताना मनात हेच तोलतं की आता थांबवलं तर जिंकलेल्याचं काय जाईल, नाही थांबवलं तर हरलेल्याचं काय जाईल, आणि त्यातलं कोणतं नंतर पैशाने भरून निघतं.

शपथपत्र बाबांनी पूर्ण वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं (क्रेन नाही लागणार, चेनपुली पुरेल म्हणाले), मगच सही केली. मला बाबांचं हे फार आवडलं. कोर्टात खरं तेवढंच.

अपील वेळेत लागलं, अर्ज लागला, आणि मग पेशी पुढे गेली, कारण त्या दिवशी जज साहेब सुट्टीवर होते, मग समोरच्या वकिलांनी जबाबासाठी वेळ मागितला, जो त्यांचा हक्क आहे. इकडे दोन महिने संपले. मालकांनी लगेच इजरा लावला, म्हणजे निकाल अमलात आणायचा अर्ज, त्याच खालच्या कोर्टात, आणि तिथून ताब्याचं वारंट निघालं. दादाचा एकच प्रश्न, अपील तर लावलंय ना, मग वारंट कसं निघतं. निघतं. खालच्या कोर्टापुढे जोपर्यंत वरच्या कोर्टाचा आदेश नाही तोपर्यंत त्याने काम चालूच ठेवायचं असतं, त्यात त्या कोर्टाची काहीच चूक नाही. बाजारातले लोक येऊन सांगायला लागले की मशीन रात्रीतून हलवून ठेवा, कोणी म्हणालं शटर पाडून गावाला निघून जा, नाजिर (ताबा घ्यायला येणारा कोर्टाचा माणूस) येईल तर परत जाईल. बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुकान नेहमीच्या वेळेला उघडलं. पळून जाणाऱ्याला कोर्ट काय म्हणून सवलत देईल, स्टे हा काही हक्क नाही, कोर्टाच्या विवेकावर मिळतो, आणि तुमचं वागणं त्यात बघितलं जातं.

काकांनी वारंटची तारीख दाखवून लवकर सुनावणीचा अर्ज दिला आणि बहस वारंटच्या आदल्या दिवशी लागली.

बहस फार लांब नव्हती. मालकांच्या वकिलांनी एकच निवाडा पुढे केला, आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स, सुप्रीम कोर्ट, डिसेंबर २००४ चा. मी नंतर वाचला, भाडेकरूंनी वाचावाच असा आहे. दिल्लीला कनॉट सर्कसची जागा, भाडं महिन्याला ३७१ रुपये ९० पैसे, १९४४ पासूनचं, खाली करायचा आदेश झाल्यावर अपिलात ट्रिब्युनलने स्टे दिला पण अट टाकली की महिन्याला १५००० भरा. हायकोर्टाने ती अट काढली, सुप्रीम कोर्टाने परत लावली. म्हणाले की खाली करायची डिक्री झाली त्या दिवसापासून भाडेकरू जुन्या भाड्याच्या आडोशाला राहू शकत नाही, स्टे घेऊन बसायचं असेल तर ती जागा बाजारात जेवढ्याला गेली असती त्या हिशोबाने भरपाई द्यायची, कारण मालकाला जे मिळालं असतं ते तुमच्या स्टेमुळे अडकलंय. समोरच्या वकिलांनी शेजारच्या दुकानांचे भाडेकरार जोडले होते आणि महिन्याला १८००० मागितले.

साहेबांनी काकांना विचारलं, रिकाम्या दुकानाचा मुद्दा कुठल्या साक्षीत आहे. काकांनी पान दाखवलं, मालकांच्याच उलटतपासणीत होतं. मग बाबांकडे बघून विचारलं की किती देऊ शकता. बाबा उभे राहिले आणि म्हणाले साहेब, ८००० पर्यंत दर महिन्याला नक्की देईन, त्यावर बोललो तर ते खोटं होईल. साहेबांनी शेवटी ९००० धरले. आदेश असा की डिक्रीच्या तारखेपासून आजपर्यंतची फरकाची रक्कम महिन्याभरात जमा करा, पुढे दर महिन्याला १५ तारखेच्या आत भरा, जागा दुसऱ्या कोणाला देऊ नका, बांधकामात बदल करू नका, आणि एक हप्ता चुकला तर स्टे संपला. तोवर ताब्याची कारवाई थांबवली.

इथे सगळ्यांना वाटतं काम झालं. नाही झालं, आणि हाच भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय कारण याबद्दल कोणी बोलत नाही. वरच्या कोर्टाने स्टे दिला तरी तो खालच्या कोर्टाला कळल्यापासून लागू होतो. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच मुलराज विरुद्ध मूर्ती रघुनाथजी महाराज या केसमध्ये सांगितलंय की अंमलबजावणी करणाऱ्या कोर्टाला स्टेची माहितीच नसेल तर त्याने केलेली कारवाई आपोआप रद्द ठरत नाही, नंतर ते कोर्ट ती उलटवू शकतं, पण तोवर तुमचं सामान रस्त्यावर. आमचा आदेश दुपारी झाला, वारंट दुसऱ्या दिवशी सकाळचं, आणि आदेशाची नकल हातात यायला वेळ लागणार. १९७६ च्या दुरुस्तीत याच अडचणीसाठी रूल ५ मध्ये एक स्पष्टीकरण घातलंय. अपील करणाऱ्याने स्वतःच्या माहितीवर शपथपत्र दिलं की स्टे झालाय, तर वरून आदेश येईपर्यंत खालच्या कोर्टाने त्या शपथपत्रावरच थांबायचं. स्वतःच्या माहितीवर, हे शब्द लक्षात घ्या. बाबांना, त्यांचं वय बघता, त्या दिवशी कोर्टात आणूच नका असं मी म्हणत होते तेव्हा काकांनी ऐकलं नव्हतं, अण्णा (म्हणजे बाबा) बसलेच पाहिजेत म्हणाले, कारण आदेश झाला तेव्हा बाबा स्वतः तिथे हजर, त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकला, म्हणून ते शपथ घेऊन सांगू शकत होते. मी गेले असते आणि बाबांना घरी येऊन सांगितलं असतं तर ती बाबांची स्वतःची माहिती झाली नसती.

शपथपत्र त्याच दुपारी टाइप झालं, नोटरीकडे सही शिक्का, आणि कोर्ट उठायच्या आत इजरा चालू असलेल्या कोर्टात लागलं. तिथल्या साहेबांनी वाचून वारंट न बजावता परत मागवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दुकानात होतो, कोणी आलं नाही, दादाने मशीन चालू केलं आणि ऑर्डरला लागला.

पैशाचं सांगते. ११०० वरून ९००० म्हणजे आमच्यासाठी फार मोठी उडी आहे. पहिली फरकाची रक्कम भरायला आईच्या एफडी मोडाव्या लागल्या. तरी मला ही अट अन्यायाची वाटत नाही. आमच्या बाजारात असे लोक आहेत जे म्हणतात स्टे घ्या आणि दहा वर्षं बसा, जुन्या भाड्यात. स्टे त्यासाठी नसतो. अपिलात आपलं म्हणणं ऐकलं जाईपर्यंत जागा शाबूत राहावी एवढ्यासाठी तो असतो, आणि त्या काळाची किंमत जिंकलेल्या माणसाने का भरावी.

पैशाच्या डिक्रीत तर अजून कडक आहे. माझ्या मावसभावाचा सियागंजात किराण्याचा ठोक धंदा, त्याच्यावर वसुलीची डिक्री झाली, त्याला वाटलं आमच्यासारखंच होईल, नुकसान दाखवू. पण पैशाच्या डिक्रीत कोर्ट अपील करणाऱ्याला रक्कम जमा करायला किंवा सिक्युरिटी द्यायला सांगतं आणि ती दिली नाही तर स्टे देऊच नये असा पोटनियम ५ आहे. कारण सरळ आहे, पैसे गेले तर पैसे परत येऊ शकतात, व्याजासकट. त्याने बँक गॅरंटी दिली तेव्हा थांबलं.

मध्ये एक अफवा आली की सहा महिन्यात स्टे आपोआप संपतो, बाजूच्या दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं दाखवलं, बाबांची झोप उडाली. त्यामागे खरी गोष्ट आहे पण जुनी. २०१८ मध्ये एशियन रिसरफेसिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की चालू खटल्यांवरचे स्टे सहा महिन्यांनी संपतील, कारण देऊन वाढवले नाहीत तर. पण २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते चुकीचं ठरवलं, आता स्टे असा नुसता तारीख उलटली म्हणून आपोआप संपत नाही. अट मोडली किंवा समोरच्याने अर्ज देऊन कोर्टाला पटवलं तर मात्र जातो. म्हणून आमच्याकडे १५ तारीख ही १० तारीख समजायची असं ठरलंय, दादा भरतो, पावती मी फाइलला लावते, एक फोटो काकांना.

आणि स्टे मिळाला म्हणजे जिंकलो असं बाबा कोणाला म्हणू देत नाहीत. खालचा निकाल पुसला गेलेला नाही, तो जिथल्या तिथे आहे, फक्त त्याचा अंमल थांबलाय. परवा मालकांनी अर्ज दिला की जमा झालेली रक्कम आम्हाला काढू द्या, आम्ही विरोध केला नाही, फक्त एवढं म्हटलं की अपील आमच्या बाजूने लागलं तर फरक परत करायची हमी द्यावी, आणि त्यांनी दिली. मालक शेठ कोर्टाबाहेर बाबांना भेटले, तब्येत विचारली, बाबांनी मुलाचं विचारलं. आता अपील अंतिम बहसला लागलंय, काकांनी रिकाम्या दुकानाचा नकाशा आणि उलटतपासणीची पानं वेगळी काढून ठेवलीयेत, निकाल आला की त्याचं लिहीन.